मागून गाडी चिकटते तेव्हा

कागलहून कोल्हापूरकडे येणाऱ्या महामार्गावर संध्याकाळी, औद्योगिक वसाहतींमधल्या पाळ्या सुटल्यानंतरच्या वेळेत, जो कोणी नियमितपणे गाडी चालवतो त्याला हा प्रसंग वर्णन करून सांगावा लागत नाही. आपण वाहनांच्या ओघात ऐंशीच्या वेगाने चाललेलो असतो, पुढे रांग असते, आणि अचानक आतला आरसा मागच्या गाडीच्या तोंडाने भरून जातो. ती इतकी जवळ येते की तिचे दिवे आरशाच्या खालच्या कडेपलीकडे जाऊन दिसेनासे होतात. मग अप्पर-डिप्पर सुरू होतो आणि पाठोपाठ हॉर्न. वाहतुकीच्या परिभाषेत याला टेलगेटिंग म्हणतात. आपल्याकडे ‘मागे चिकटणे’ किंवा त्याहून सरळ शब्दांत ‘बुडाला गाडी लावणे’ म्हणतात.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. ऊस हंगामातली संध्याकाळ होती, शेजारी आई बसली होती, आणि गोकुळ शिरगाव मागे पडल्यावर एक जीप अशीच मागे चिकटली. दोन-तीन मिनिटे मी सहन केले आणि नंतर, त्याला धडा शिकवावा म्हणून, पुढे काहीही कारण नसताना ब्रेकवर जोरात पाय मारला. मागे टायर किंचाळले. आई पुढे फेकली गेली आणि सीटबेल्टने तिला धरून ठेवले. धडक झाली नाही, परंतु त्याचे श्रेय माझ्याकडे जात नाही. त्या जीपच्या चालकाचे ब्रेक चांगले होते, एवढेच. उरलेल्या रस्त्यात आई काही बोलली नाही. त्या शांततेत मला जे कळले ते असे की, त्या चालकाइतकाच धोका मीही आईच्या पुढ्यात आणून ठेवला होता.

अशा वेळी काय करावे असे कोणाला विचारले, तर ‘डोके शांत ठेवा’ असे उत्तर मिळते. हा सल्ला खरा असला तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण शांतता आज्ञेने येत नाही. हाताला आणि पायाला नेमके काय करायचे हे आधीपासून माहीत असेल, तर ती आपोआप येते. म्हणून या लेखात उपदेशापेक्षा अंतर, वेग आणि ब्रेक यांचा हिशेब अधिक आहे. तो एकदा मनात बसला की मागच्या गाडीची भीतीही कमी होते आणि तिच्यावरचा रागही.

शरीर काय करते

पाठीमागून काहीतरी मोठे आणि वेगवान आपल्या अंगावर येत आहे, ही जाणीव माणसाच्या मेंदूला फार जुनी आहे. धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला नावाचा भाग इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात सुटते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो आणि स्नायू ताठ होतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या अवस्थेचे जे वर्णन केले, ते आज ‘लढा किंवा पळा’ या नावाने ओळखले जाते. गाडीत बसलेल्या माणसाला उठून लढता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही, परंतु दुर्दैवाने दोन्हींसाठी त्याच्या पायाखाली एकेक पॅडल असते. ॲक्सिलरेटर दाबून पुढे पळणे ही त्यातली पळ आहे आणि ब्रेक दाबून मागच्याला दचकवणे ही त्यातली लढाई. मी त्या संध्याकाळी दुसरे पॅडल निवडले. अनेकजण पहिले निवडतात आणि मागच्याच्या दबावाखाली आपला वेग नव्वद, शंभर, एकशे दहापर्यंत कधी गेला हे त्यांना कळतही नाही.

याच अवस्थेचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो, पण माझ्या मते तोच अधिक घातक आहे. नजर आरशात अडकते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते, म्हणजे मागच्या चालकाचा चेहरा पाहण्यासाठी दोन सेकंद आरशात घालवले, तर आपण ४४ मीटर रस्ता न पाहता पार केलेला असतो. त्या ४४ मीटरांत उजळाईवाडीकडे वळण्यासाठी थांबलेली दुचाकी असू शकते, किंवा मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली असू शकते. मागच्याच्या भीतीने आपण पुढच्याला धडकतो, असा हा प्रकार आहे.

यावरचे उपाय अगदी साधे आणि शारीरिक आहेत. आतल्या आरशाच्या खालच्या बाजूस एक लहानशी पट्टी असते, ती रात्रीसाठी आहे. ती हलवली की मागच्या दिव्यांचा झोत मंद होतो आणि डोळ्यांवरचा निम्मा ताण जातो. बाहेरचे आरसे बहुधा बहिर्गोल असतात, त्यांत मागची गाडी असते त्याहून दूर आणि लहान दिसते, तर आतल्या सपाट आरशात ती खऱ्या आकाराची दिसते. एकच गाडी एका आरशात दूर आणि दुसऱ्यात मानेवर बसल्यासारखी का भासते, याचे कारण हेच आहे. त्यानंतर श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे. आत घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब असला, तर हृदयाची गती उतरवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचे काम वाढते. असे चार-पाच श्वास पुरतात आणि त्यासाठी डोळे रस्त्यावरून हलवावे लागत नाहीत. स्टिअरिंगवरची मूठ सैल करावी, खांदे खाली आणावेत आणि नजर पुढच्या गाडीच्याही पुढे, दूरवर टाकावी. एवढे झाले की डोके हिशेब करण्याच्या स्थितीत येते.

अंतराचा हिशेब

आता या विषयाचा गाभा. मागच्या गाडीने किती अंतर ठेवावे हे आपण ठरवू शकत नाही, परंतु पुढच्या गाडीपासून आपण किती अंतर ठेवावे हे संपूर्णपणे आपल्या हातात असते, आणि मागून येणाऱ्या धोक्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय याच पुढच्या अंतरात दडलेला आहे. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते, म्हणून आकड्यांनी पाहू.

पुढचे संकट डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण एक ते दीड सेकंद लागतो. हिशेब सोपा राहावा म्हणून एक सेकंद धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाने या एका सेकंदात २२ मीटर जातात. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला तर मोटार सुमारे ३५ मीटरांत थांबते. म्हणजे धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत एकूण ५७ मीटर लागतात.

मागची जीप आपल्यापासून ८ मीटरांवर आहे असे समजा. दोन लहान मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल तेवढे हे अंतर आहे. आपण पूर्ण ब्रेक दाबला तर आपली गाडी ३५ मीटरांत थांबेल. जीपच्या चालकाला आपले ब्रेकचे दिवे पाहून प्रतिसाद द्यायला एक सेकंद लागेल, म्हणून त्याला थांबायला ५७ मीटर लागतील; त्याच्याजवळ मात्र ३५ अधिक ८, म्हणजे फक्त ४३ मीटर आहेत. उरलेले १४ मीटर कोठूनही आणता येत नाहीत. तो कितीही कुशल असला आणि त्याची गाडी कितीही नवी असली, तरी ही धडक टळत नाही. म्हणून, गाडी मागे चिकटलेली असताना आपल्यावर पूर्ण ब्रेक दाबण्याची वेळच येऊ नये, हे आपले एकमेव उद्दिष्ट असले पाहिजे.

ती वेळ कशामुळे येते? पुढची गाडी आपल्यापासून एका सेकंदाच्या, म्हणजे २२ मीटरांच्या अंतरावर असेल आणि तिने कचकचून ब्रेक दाबला, तर आपला प्रतिसादाचा एक सेकंद ते सर्व अंतर खाऊन टाकतो आणि आपल्याला पूर्ण ब्रेक दाबण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. अंतर दोन सेकंदांचे असेल तर पूर्ण ताकदीच्या सुमारे साठ टक्के ब्रेकवर भागते. आणि तेच अंतर चार सेकंदांचे, म्हणजे जवळजवळ ९० मीटरांचे असेल, तर थांबण्यासाठी आपल्याला १०० मीटरांहून अधिक जागा मिळते आणि पूर्ण ताकदीच्या एक-तृतीयांश ब्रेक पुरतो. आपण असे सावकाश थांबलो तर मागे ८ मीटरांवर असलेल्या जीपला मिळणारी जागा ४३ मीटरांवरून ११० मीटरांवर जाते. तिचा चालक एकाऐवजी दोन सेकंदांनी भानावर आला, तरी पूर्ण ब्रेक दाबून तो वाचतो, आणि त्याच्याबरोबर आपणही वाचतो. त्याने जे अंतर ठेवायला हवे होते ते आपण आपल्या पुढे ठेवून भरून काढले, असा याचा अर्थ आहे. ते आपण का भरून काढावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर, आपल्या गाडीत आपली माणसे बसलेली असतात म्हणून.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. पुढची गाडी एखाद्या विजेच्या खांबाजवळून, पुलाच्या कठड्याजवळून किंवा किलोमीटरच्या दगडाजवळून गेली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार’ असे सावकाश मोजावे. प्रत्येक आकडा उच्चारायला साधारण एक सेकंद लागतो. आपण त्याच खांबापाशी पोचलो तेव्हा किती झाले ते आपले अंतर. नेहमीच्या कोरड्या रस्त्यावर दोन हा किमान आकडा मानतात. मागे कोणी चिकटलेला असेल तर तो चारवर न्यावा, आणि आपल्याकडच्या जून-जुलैतल्या पावसात, जेव्हा ओल्या रस्त्यावर तीच गाडी थांबायला ३५ ऐवजी ६० मीटरांपर्यंत घेऊ शकते, तेव्हा चारच्याही पुढे. हे अंतर वाढवताना ब्रेक वापरू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडासा उचलावा आणि पुढची गाडी आपोआप दूर जाऊ द्यावी. वेग ऐंशीवरून पंचाहत्तरवर आला तरी हे काम पाऊण मिनिटात होते.

यावर सर्वांत जास्त घेतला जाणारा आक्षेप असा की, एवढी जागा सोडली तर तिथे दुसरा कोणीतरी घुसतो. घुसतो, हे खरे आहे. पण त्याची किंमत किती हे पाहावे. एक गाडी मध्ये आली की पुन्हा पूर्वीचे अंतर तयार करताना आपण दोन-चार सेकंदांनी मागे पडतो. कागल ते कोल्हापूर या सुमारे २० किलोमीटरांत दहा गाड्या मध्ये घुसल्या, तरी आपले अर्धे-पाऊण मिनिट जाते. तेच २० किलोमीटर ताशी ८० ने १५ मिनिटांत होतात आणि ताशी ९० ने सव्वातेरा मिनिटांच्या थोडे वर. म्हणजे संपूर्ण रस्ताभर बुडाला गाडी लावून, दहाने वेग वाढवून जे मिळते ते पावणेदोन मिनिटांहून कमी आहे, आणि तावडे हॉटेलच्या चौकात किंवा ताराराणी चौकातल्या सिग्नलला तेही परत द्यावे लागते.

वाट देणे

हिशेबानंतर वाट देण्याचा प्रश्न येतो, आणि इथे आधी स्वतःकडे पाहणे आवश्यक आहे. चौपदरी रस्त्यावर उजवी मार्गिका पुढचे वाहन ओलांडण्यासाठी असते. आपण तिच्यात ऐंशीने निवांत चाललो असू, डावी मार्गिका मोकळी असेल आणि मागे रांग लागली असेल, तर मागचा जवळ आला हा त्याचा दोष असला तरी तो आला का, याचे कारण आपण आहोत. अशा वेळी डावा इंडिकेटर द्यावा, डाव्या आरशात आणि खांद्यावरून पाहावे आणि पुरेशी जागा मिळताच डावीकडे यावे. घाई करू नये. मागच्याच्या हॉर्नला घाबरून दोन मालट्रकांच्या मधल्या फटीत गाडी घालणे, हे चिकटलेल्या गाडीपुढे चालण्याहून अधिक धोक्याचे आहे. सातारा ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाचे काम निघाल्यापासून वळवलेले रस्ते, अरुंद झालेल्या मार्गिका आणि मध्येच संपणारे सर्व्हिस रोड यांमुळे अशी जागा मिळायला कधी कधी दोन-तीन किलोमीटर लागतात. तेवढा वेळ चार सेकंदांचे अंतर आपली राखण करते.

वाट देताना उजवा इंडिकेटर लावून ‘पुढे जा’ असे सुचवण्याची एक जुनी सवय मालट्रकवाल्यांमध्ये आहे आणि ती मोटारचालकांनीही उचलली आहे. माझ्या मते ती सोडून द्यावी. त्याच इंडिकेटरचा नियमातला अर्थ ‘मी उजवीकडे वळत आहे’ असा होतो, आणि मागचा चालक दोनपैकी कोणता अर्थ घेईल हे आपल्याला ठाऊक नसते.

जाण्या-येण्यासाठी एकेकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर, म्हणजे गगनबावड्याकडे, राधानगरीकडे किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर, मार्गिका बदलण्याची सोयच नसते. तिथे एखादा बसथांबा, पेट्रोल पंप किंवा रस्ता रुंद झालेली जागा आधीच हेरून ठेवावी, बऱ्याच आधीपासून इंडिकेटर द्यावा आणि हळूहळू वेग कमी करत तिथे गाडी बाजूला घ्यावी. साइडपट्टीवर चाक घालण्याचा मोह टाळावा, विशेषतः पावसाळ्यात आणि रात्री. डांबर आणि माती यांच्यामध्ये अनेक ठिकाणी वीतभर खोल कडा तयार झालेली असते आणि ती गाडीचा तोल घालवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे ऊस हंगामात या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या चालतात आणि त्यांच्या मागे वाहनांची साखळी तयार होते. त्या साखळीत प्रत्येक जण पुढच्याला चिकटलेला असतो, कारण प्रत्येकाला ट्रॉली ओलांडण्याची पहिली संधी हवी असते. आपल्यालाही ती हवी असली तरी ट्रॉलीपासून मागे राहावे. मागे राहिल्याने समोरून येणारे वाहन आधी दिसते, आणि आपल्या मागच्याला जायचेच असेल तर आपल्या आणि ट्रॉलीच्या मधे शिरायला त्याला जागा मिळते. समोरून कोणी आल्यास ती जागाच तिघांना वाचवते.

घाटात एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. आंबा घाट किंवा करूळ घाट उतरताना, किंवा पन्हाळ्यावरून खाली येताना, आपण गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या रोधाने वेग आवरतो आणि ते योग्यच आहे, परंतु असे करताना मागचे लाल दिवे लागत नाहीत. चिकटून येणाऱ्या चालकाला आपला वेग कमी झाल्याचे कळते तेव्हा तो आपल्या डिकीजवळ पोचलेला असतो. म्हणून वळणाच्या आधी ब्रेकच्या पॅडलवर पाय नुसता टेकवावा, दिवे लागावेत इतकाच, आणि मग वेग कमी करावा. मागे भरलेला मालट्रक असेल तर तो चिकटला आहे असे लगेच मानू नये. उतारावर एवढे वजन आवरायला त्याला फार अंतर लागते. त्याला पुढे जाऊ देणे शक्य असेल तेथे जाऊ द्यावे.

दुचाकीस्वाराची स्थिती सर्वांत नाजूक आहे, आणि कोल्हापुरात त्यांची संख्या पाहता त्यांच्यासाठी स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. दसरा चौकातून किंवा दाभोळकर कॉर्नरवरून जाताना मागे बस आली, तर उंचावर बसलेल्या चालकाला त्याच्या तोंडाशी असलेली दुचाकी दिसतेच असे नाही. मोठ्या वाहनांच्या अगदी पुढची काही जागा चालकाच्या नजरेआड राहते. त्यामुळे रागाने तिथेच अडून राहणे म्हणजे न दिसणाऱ्या जागेत अडून राहणे होय. वळून मागे पाहू नये, आरशातून पाहावे, वेग एकसारखा ठेवावा आणि सरळ रेषेत, सावकाश डावीकडे सरकावे. कडेची खडी आणि वाळू पाहूनच सरकावे, कारण तिथे ब्रेक लावला तर चाक घसरते.

कायदा कोणाच्या बाजूने आहे

मागच्याला धडा शिकवण्याची इच्छा बहुतेक वेळा ‘मागून ठोकले तर चूक त्याचीच’ या समजुतीवर उभी असते. ती समजूत अर्धी खरी आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमधील २३ वा नियम सांगतो की, पुढचे वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी धडक टळेल इतके पुरेसे अंतर मागच्या चालकाने ठेवले पाहिजे. २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली, पण हे तत्त्व कायम राहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले होते, ज्यात मालट्रकच्या मागे १० ते १५ फुटांवर चाललेली मोटार मालट्रकने ब्रेक लावल्यावर त्याच्यावर आदळली होती. एवढे अंतर निश्चितपणे सुरक्षित नव्हते आणि त्याचा दोष मोटारीच्या चालकाकडे जातो, असे न्यायालयाने म्हटले.

परंतु त्याच नियमांमध्ये पुढचाच, २४ वा नियम असा होता की, सुरक्षेसाठी आवश्यक असल्याखेरीज कोणत्याही चालकाने एकाएकी ब्रेक लावू नये. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात, महामार्गावर कोणताही इशारा न देता मोटार अचानक थांबवणे हा निष्काळजीपणा ठरवला. त्या मोटारीवर मागून आदळून पडलेल्या आणि नंतर बसखाली येऊन पाय गमावलेल्या दुचाकीस्वारानेही पुरेसे अंतर ठेवले नव्हते, तरी सर्वांत मोठा, म्हणजे ५० टक्के दोष न्यायालयाने अचानक थांबणाऱ्या मोटारचालकाकडे दिला. म्हणजे मी आईला शेजारी बसवून जे केले होते, त्याचा शेवट वाईट झाला असता तर कायद्यानेही मला निर्दोष मानले नसते. ‘ब्रेक दाखवणे’ हा बचाव नाही, हे मनात पक्के असले की पाय आपसूक आवरतो.

मागच्या गाडीत कोण आहे

राग टिकतो तो घटनेवर नव्हे, त्या घटनेची आपण जी कथा रचतो तिच्यावर. मागचा उद्धट आहे, पैशाचा माज आहे, मला कमी लेखतो आहे, अशी ती कथा असते. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये माणसाच्या एका सार्वत्रिक चुकीला नाव दिले, तिला मराठीत ‘कारणारोपणाची मूलभूत चूक’ म्हणता येईल. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, आणि आपल्या तशाच वागण्याचे कारण मात्र परिस्थितीत. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली बाहेरगावची गाडी पार्किंग शोधत रेंगाळते तेव्हा तिच्या मागे जी एमएच-०९ क्रमांकाची, म्हणजे कोल्हापूरचीच, गाडी हॉर्न वाजवत असते, तिच्यात अनेकदा आपणच असतो, आणि तेव्हा आपल्याला कामाची खरीखुरी घाई असते. राधानगरीच्या बाजूने येणाऱ्या एखाद्या खाजगी जीपमध्ये सीपीआर रुग्णालयात न्यायचा रुग्ण असू शकतो. रुग्णवाहिका मिळेपर्यंत न थांबता शेजाऱ्याची गाडी काढणे ही आपल्या गावांतली नेहमीची गोष्ट आहे. मागचा प्रत्येक जण असाच अडचणीत असतो असे मी म्हणत नाही. काही निव्वळ बेदरकार असतात. मला एवढेच म्हणायचे आहे की, आरशातून ते ओळखता येत नाही, आणि दोन्ही प्रसंगी आपली कृती एकच राहते.

आपल्या गावाच्या संदर्भात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे ईर्ष्या. खासबागेच्या कुस्ती मैदानात आणि पेठापेठांमधल्या फुटबॉल संघांमध्ये ती कोल्हापूरचे भूषण आहे आणि मलाही तिचा अभिमान आहे. मैदानात मात्र हद्द आखलेली असते, पंच असतात आणि दोघेही समोरासमोर, ठरवून उतरलेले असतात. रस्त्यावर ‘मला साइड मागतो म्हणजे काय’ असे म्हणणाऱ्याच्या शेजारी आणि मागच्या सीटवर जी माणसे बसलेली असतात, त्यांनी त्या ईर्ष्येला होकार दिलेला नसतो. ‘कट मारल्याच्या रागातून मारहाण’ हा मथळा आपल्याकडच्या वृत्तपत्रांत जितक्या वेळा वाचावा लागतो, तो एकदाही वाचावा लागू नये असे मला मनापासून वाटते.

क्वचित प्रकरण याच्याही पुढे जाते. वाट दिली तरी मागचा पुढे जात नाही, आपण वेग कमी केला की तोही करतो, वळलो की वळतो. अशा वेळी घरी जाऊ नये आणि निर्जन जागी थांबून उतरूही नये. काचा वर आणि दारे बंद ठेवून गर्दीच्या ठिकाणी, टोल नाक्यावर किंवा पेट्रोल पंपावर जावे, किंवा महामार्गावर असल्यास गोकुळ शिरगाव अथवा शिरोली एमआयडीसी पोलीस ठाण्याच्या दिशेने गाडी न्यावी, आणि शेजारी कोणी असेल तर त्याला ११२ क्रमांक लावायला सांगावा. नजरेला नजर, हातवारे, काच खाली करून शब्द, यांतले काहीही करू नये.

तो पुढे निघून गेल्यावरही प्रसंग संपलेला नसतो. रक्तात सुटलेले ॲड्रेनॅलिन ओसरायला काही मिनिटे जावी लागतात आणि त्या मिनिटांत आपण नकळत पुढच्या गाडीला चिकटतो; मागून मिळालेला दाब आपण पुढे पाठवतो. हे मी स्वतःच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून गाडी पुढे गेली की पहिला खांब पकडून पुन्हा मोजायला सुरुवात करतो, आणि हात थरथरत असतील तर चहाला थांबतो.

आईला मी हा सगळा हिशेब कागदावर काढून समजावला होता. आता कागलहून येताना ती शेजारी बसून ओठांतल्या ओठांत मोजत असते, आणि खांबापाशी तिचे एकशे चार पूर्ण व्हायच्या आत आम्ही पोचलो, की माझ्याकडे न पाहता म्हणते, “जवळ आलास बघ.” मी ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलतो.